१.३ लिटरचं चार-सिलिंडर इंजिन ७५०० आरपीएमला (मिनिटाला ७५०० फेरे) फिरवायचं असेल तर आधी काय तुटतं?

प्रश्न असा आहे: मारुती एस्टीममधलं १.३ लिटरचं, १६ व्हॉल्व्हचं जी१३बीबी इंजिन, आतून कंपनीचंच, हौशी ट्रॅक ड्रायव्हिंगसाठी वापरायचं आहे. ट्यूनिंग करणारा म्हणतो, "स्ट्रोक लहान आहे, पिस्टन स्पीड कमी आहे, रीमॅपमध्ये लिमिटर ७५०० वर नेऊ, काही होत नाही." (रीमॅप म्हणजे ईसीयूमधले, म्हणजे इंजिनाच्या संगणकातले, आकडे बदलणं; लिमिटर म्हणजे ठरलेल्या आरपीएमच्या वर इंजिनाला जाऊ न देणारी मर्यादा.) हे खरं आहे का? आणि नसेल तर आधी काय जाईल?

ट्यूनरचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. या इंजिनाचा बोर (सिलिंडरचा व्यास) ७४ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनचा एका दिशेचा प्रवास) ७५.५ मिमी. सरासरी पिस्टन स्पीड म्हणजे स्ट्रोक गुणिले दोन गुणिले सेकंदाचे फेरे. ७५०० आरपीएमला सेकंदाला १२५ फेरे होतात, म्हणजे ०.०७५५ × २ × १२५ = १८.९ मीटर प्रति सेकंद. होंडा एस२००० चं एफ२०सी इंजिन ८४ मिमी स्ट्रोक घेऊन ९००० च्या आसपास जातं, तिथे हाच आकडा २५ च्या वर येतो. त्या मानाने १८.९ काहीच नाही. रिंगा आणि लायनर यांच्यामधला ऑइलचा थर या वेगाला व्यवस्थित टिकतो.

पण सरासरी वेगाने रॉड (कनरॉड, पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) तुटत नाही. तो तुटतो वेगातल्या बदलाने. पिस्टन दर फेऱ्यात वरच्या टोकाला एकदा आणि खालच्या टोकाला एकदा पूर्ण थांबतो आणि उलटा निघतो. वरच्या टोकाला हा झटका सगळ्यात मोठा असतो आणि तो आरपीएमच्या वर्गाने वाढतो. कावासाकीची २५० सीसीची चार-सिलिंडर बाइक घ्या: स्ट्रोक ३१.८ मिमी, रेडलाइन (कंपनीने ठरवलेली आरपीएमची हद्द) १७,०००. पिस्टन स्पीड येते १८, म्हणजे आपल्या एस्टीमपेक्षाही थोडी कमी. तरी तिच्या पिस्टनला वरच्या टोकाला बसणारं त्वरण एस्टीमच्या ७५०० च्या जवळपास दुप्पट असतं. ती हे सहन करते, कारण तिचा पिस्टन ५० मिमीचा, हलका आहे आणि बाकीचे भागही त्याच हिशोबाने बनवलेले आहेत. पिस्टन स्पीड सारखी म्हणून इंजिन सारखंच सुरक्षित, हा हिशोब इथेच मोडतो.

आता एस्टीमचे आकडे घालून बघू. कनरॉडची लांबी १२० मिमी धरा. पिस्टन, पिन, रिंगा आणि रॉडचा वरचा भाग मिळून ४५० ग्रॅम धरा. ६५०० आरपीएमला वरच्या टोकाचं त्वरण सुमारे २३,००० मीटर प्रति सेकंद वर्ग येतं, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या साधारण २,३४० पट. तेवढ्या ४५० ग्रॅमचा ओढा होतो १०.३ किलोन्यूटन, म्हणजे साडेदहाशे किलो वजन टांगल्यासारखा. ७५०० ला तोच ओढा १३.८ किलोन्यूटन, चौदाशे किलो. आरपीएम वाढवले १५ टक्के, ताण वाढला ३३ टक्के. लिमिटरचा आकडा लॅपटॉपवर बदलायला दहा सेकंद लागतात, पण या ३३ टक्क्यांचं उत्तर प्रत्येक भागाला स्वतंत्रपणे द्यावं लागतं.

आणि हा ओढा कधी बसतो तेही महत्त्वाचं. कॉम्प्रेशनच्या शेवटी पिस्टन वर येतो तेव्हा वर दाबलेला वायू असतो, तो पिस्टनला उशीसारखा अडवतो आणि रॉडवरचा ताण बराच कमी होतो. पण एक्झॉस्ट संपून इन्टेक सुरू होताना वर काहीच नसतं. पिस्टनला वर जायचंय आणि त्याला खाली ओढायचं सगळं काम एकट्या रॉडचं, रॉडच्या कॅपचं आणि कॅपच्या दोन बोल्टांचं. वरच्या आरपीएमला ॲक्सिलरेटर एकदम सोडला तर थ्रॉटल बंद होतो, मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम होतो, सिलिंडरमधली उशीही नाहीशी होते आणि हा ताण आणखी वाढतो. म्हणून बरीच इंजिनं पूर्ण थ्रॉटलवर न जाता नेमकी पाय उचलल्यावर रॉड फेकतात. लोकांना हे उलटं वाटतं, पण कारण हे असं साधं आहे.

तरीही या इंजिनात आधी जाणारी गोष्ट बहुतेक वेळा रॉड नसते. आधी हात टेकतात ते व्हॉल्व्ह स्प्रिंग.

कॅमचा लोब व्हॉल्व्ह उघडतो तो ढकलून, पण बंद करायला कॅमकडे काही नाही, तिथे फक्त स्प्रिंग आहे. लोबच्या टोकावरून उतरताना व्हॉल्व्ह, रिटेनर (स्प्रिंगची वरची टोपी), लॉक (ती टोपी व्हॉल्व्हवर धरणारे तुकडे), रॉकर (कॅमचा जोर व्हॉल्व्हला देणारा हात) आणि स्प्रिंगचा स्वतःचा साधारण एक तृतीयांश भाग, हे सगळं वजन स्प्रिंगने कॅमला चिकटवून ठेवायचं असतं. लागणारा जोर पुन्हा आरपीएमच्या वर्गाने वाढतो. समजा कंपनीने ६५०० ला २० टक्के जास्तीचा जोर हाताशी ठेवला आहे. वर्गमूळ घेतलं की हा साठा ६५०० × १.०९५, म्हणजे ७,१२० ला संपतो. आता स्प्रिंग जुनी आहे, उष्णतेने १० टक्के बसली आहे असं धरा. २० टक्क्यांचा साठा उरला ८ टक्के, आणि हद्द आली ६,७५० वर. एस्टीमचं कुठलंही इंजिन आज पंधरा वर्षांहून जुनंच असणार, त्यामुळे हे "समजा" फार लांबचं नाही. अशा हेडवर ७५०० चा लिमिटर म्हणजे रोज सातशे-आठशे आरपीएम स्प्रिंगच्या भरवशाशिवाय चालणं.

स्प्रिंग कमी पडली की व्हॉल्व्ह कॅमवरून सुटतो आणि मग सीटवर आपटतो, कधी आपटून परत उडतो. सुरुवातीला एवढंच जाणवतं की ठरावीक आरपीएमच्या वर ताकद भिंतीला टेकल्यासारखी थांबते आणि वरून पत्र्यासारखा आवाज येतो. काहीजण याला "मिसिंग" समजून प्लग बदलत बसतात. पुढे सीट खोल जाते, व्हॉल्व्हच्या टोकाला मार लागतो, लॉकची खाच झिजते. एक दिवस लॉक सुटतं, व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडतो आणि मग हेड, पिस्टन, ब्लॉक असं काहीच उरत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे स्प्रिंगला स्वतःचं एक कंपन असतं. कॅमच्या ठोक्यांशी त्याचा मेळ बसला की कॉइल आपापसात लाटेसारखी पळतात आणि जोर आकड्यापेक्षा कितीतरी कमी मिळतो. म्हणून चांगल्या स्प्रिंगा वरून निमुळत्या असतात, किंवा एकात एक अशा दोन असतात आणि बाहेरची आतल्या स्प्रिंगला घासून तिचं कंपन मारते.

हेड उघडलं असेल तर काय मोजायचं? स्प्रिंग टेस्टरवर प्रत्येक स्प्रिंग बसलेल्या उंचीला आणि पूर्ण उघड्या उंचीला किती जोर देते ते लिहून काढा. सोळाही मोजा, चार मोजून अंदाज बांधू नका. एकमेकींत १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल, किंवा मॅन्युअलपेक्षा १० टक्के कमी असेल, तर पूर्ण सेट बदला. जास्त कडक स्प्रिंग घातली की नवे प्रश्न येतात: पूर्ण उघडल्यावर कॉइल एकमेकींना टेकायला एकूण निदान १ मिमी तरी जागा हवी, रिटेनर आणि व्हॉल्व्ह सील यांच्यात सव्वा ते दीड मिमी हवी, आणि कॅम व रॉकर जास्त घासणार हे मान्य करावं लागतं. गरजेपेक्षा कडक स्प्रिंग हीसुद्धा चूकच आहे.

कॅम बदलला असेल किंवा हेडला फेस मारला (खालची बाजू घासून सपाट केली) असेल तर पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतर मोजल्याशिवाय इंजिन कायमचं जोडू नका. पिस्टनच्या खाचेत मऊ माती दाबा, थोडं ऑइल लावा, हेड जुन्या गॅस्केटवर बसवून टॉर्क करा, टायमिंग बेल्ट लावा, क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, हेड काढा आणि माती चाकूने मधोमध कापून सगळ्यात पातळ जागा व्हर्नियरने मोजा. इन्टेकला निदान २ मिमी, एक्झॉस्टला निदान अडीच मिमी. एक्झॉस्टला जास्त, कारण तो व्हॉल्व्ह तापून लांबतो आणि वर येणारा पिस्टन त्याच्या मागे धावत असतो. स्प्रिंग जरा ढिली पडली तरी टक्कर पहिल्यांदा तिथेच होते. हेडला ०.५ मिमी फेस मारला की हे अंतर जवळपास तेवढंच कमी होतं, शिवाय कॅम मागे सरकतो, हे लेथवाल्याला आठवत नाही, तुम्हाला आठवावं लागतं. टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर नवे घाला. जुन्या बेल्टवर कडक स्प्रिंगा आणि जास्त आरपीएम लादले तर एक दात सरकायला वेळ लागत नाही.

स्प्रिंगनंतर ऑइल. ट्रॅकवर मरणारी इंजिनं मी मोजायला बसलो तर जास्तीत जास्त ऑइलच्या खात्यात टाकीन, आणि त्यातली बरीच ६५०० च्या आतच मेलेली असतात.

बेअरिंगमध्ये धातूला धातू लागत नाही, मध्ये काही मायक्रॉनचा ऑइलचा थर असतो. आरपीएम वाढले की त्या थरात घर्षणाची उष्णता झपाट्याने वाढते, ऑइल पातळ होतं, थर आणखी बारीक होतो. बिग एंडवरचा (रॉडच्या क्रँकवर बसणाऱ्या टोकावरचा) ओढा त्याच वेळी ३३ टक्के वाढलेला असतो. म्हणजे ऑइल पातळ आणि भार जास्त, दोन्ही एकदम. जुना आणि आजही उपयोगी ठोकताळा असा की दर हजार आरपीएममागे ०.७ बार दाब हवा, आणि तोही ऑइल पूर्ण तापल्यावर. ७००० ला म्हणजे ४.९ बार. थंड इंजिनावर दिसणारा ५ बार काही सांगत नाही. ऑइलचं तापमान १०० ते १२० अंश चांगलं, १३० च्या पुढे गेलं की कूलर लागतो.

डॅशबोर्डवरच्या ऑइलच्या दिव्यावर अजिबात विसंबू नका. तो साधारण ०.३ ते ०.५ बारच्या खाली दाब गेल्यावर लागतो. ७००० ला दाब २ बारवर आला तरी तो विझलेलाच राहील आणि बेअरिंग गेलेलं असेल. खरा गेज लावा, आणि त्याचा सेंडर मेन गॅलरीवर (ब्लॉकमधल्या ऑइलच्या मुख्य वाटेवर) घ्या. पंपाच्या तोंडाशी घेतलात तर फिल्टरनंतर काय उरतं ते कळणार नाही.

ट्रॅकवरचा खरा शत्रू लांब वळण आहे. कोइम्बतूरच्या करी ट्रॅकवर असो की श्रीपेरुंबुदूरजवळच्या मद्रास ट्रॅकवर, गाडी दोन-तीन सेकंद एका बाजूला झुकून आरपीएम वर धरते. चेंबरमधलं (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यातलं) ऑइल भिंतीला चढतं, स्ट्रेनर (पंप जिथून ऑइल ओढतो ती जाळी) उघडा पडतो आणि पंप हवा ओढतो. वळणात गेजचा काटा थरथरला, क्षणभर खाली येऊन परत वर गेला, तर त्या क्षणाला बेअरिंग कोरडं फिरलेलं असतं. ७००० ला एक सेकंद म्हणजे ११६ फेरे. उपाय महागडा नाही: चेंबरमध्ये स्ट्रेनरभोवती आडव्या पट्ट्या आणि आत उघडणारी झडप असलेला बॅफल वेल्ड करून घ्या. ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेवर बरोबर ठेवा. खाली नको, कारण वरच्या आरपीएमला बरंच ऑइल हेडमध्येच अडकलेलं असतं. वरही नको, कारण क्रँक ते घुसळून फेस करतो, आणि फेसाळ ऑइल पंपाने कितीही ढकललं तरी थर धरत नाही.

बेअरिंगचं क्लिअरन्स जर्नलच्या (क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागाच्या) व्यासाच्या हजाराव्या भागाइतकं, म्हणजे ४२ मिमीच्या जर्नलला ०.०४ मिमीच्या आसपास. हे प्लास्टिगेजने (जोडात दाबून अंतर मोजायच्या मऊ धाग्याने) मोजा, पण मोजताना जर्नल कोरडा आणि कॅप पूर्ण टॉर्कवर हवी. बोटाने "बरोबर वाटतंय" याला इथे किंमत नाही. ऑइल ५डब्ल्यू-३० ऐवजी १०डब्ल्यू-४० किंवा चांगलं ५डब्ल्यू-४० घ्या, आणि ते ६० अंशापर्यंत तापल्याशिवाय ३५०० च्या वर जाऊ नका.

आता रॉडचे बोल्ट. हे प्रकरण जरा निवांत समजून घ्या, कारण इथे चूक झाली तर कनरॉड ब्लॉक फाडून बाहेर येतो.

बोल्ट एका झटक्यात तुटत नाही. तो थकून तुटतो. ६५०० ला रॉडला मिनिटाला ३,२५० वेळा तो मोठा ओढा बसतो. बोल्ट नीट ताणलेला असेल तर कॅप आणि रॉड एकमेकांना इतके घट्ट दाबलेले असतात की तो ओढा बोल्टपर्यंत फार थोडा पोचतो. पण ताण कमी असेल तर दर फेऱ्याला जोड केसभर उघडतो, सगळा चढउतार बोल्ट झेलतो आणि काही तासांत त्याला तडा जातो. म्हणजे बोल्टला वाचवणारी गोष्ट आहे त्याचा ताण, आणि टॉर्क रेंच तो ताण सरळ मोजत नाही. टॉर्कचा बराच मोठा भाग आट्यांच्या आणि डोक्याखालच्या घर्षणात जातो. साधं इंजिन ऑइल लावून आणि मॉलिब्डेनमचा वंगण लावून तोच टॉर्क दिला तर बोल्टमधला ताण बराच वेगळा निघतो. बोल्टच्या डब्यात आलेलं वंगण वापरा आणि त्याच्यासोबत छापलेलाच टॉर्क द्या. मॅन्युअलमधला टॉर्क कंपनीच्या बोल्टसाठी असतो, बाहेरच्या नाही.

खरी पद्धत म्हणजे बोल्ट किती लांबला ते मोजणं. दोन्ही टोकांना बारीक खळगा असलेले बोल्ट असतील तर टोकदार मायक्रोमीटरने सैल असताना लांबी घ्या, घट्ट केल्यावर पुन्हा घ्या. बोल्ट बनवणारा सांगेल तेवढा फरक, बऱ्याच रॉड बोल्टना ०.१३ ते ०.१६ मिमी, आला की थांबा. सगळ्या आठ बोल्टांची सैल लांबी कागदावर लिहून ठेवा. पुढच्या वेळी उघडाल तेव्हा एखादा ०.०२५ मिमी जरी कायमचा लांबला असेल तर तो फेका. आणि कंपनीचे बोल्ट अंशात फिरवून घट्ट करायचे असतील तर ते एकदाच वापरायचे असतात, दुसऱ्यांदा नाही.

इथे हमखास होणारी एक चूक: नवे, जास्त ताकदीचे बोल्ट आणले आणि जुन्या रॉडला तसेच लावले. नव्या बोल्टचा दाब वेगळा, त्यामुळे कॅप वेगळी बसते आणि बिग एंडचा गोल किंचित अंडाकृती होतो. ऑइलचा थरच जिथे मायक्रॉनमध्ये मोजायचा तिथे हे चालत नाही. बोल्ट बदलले की रॉड नव्या बोल्टवर टॉर्क करून बोर गेजने तीन दिशांना मोजायचा, आणि गरज असेल तर होन करून गोल करून घ्यायचा. क्रँक ग्राइंडिंगवाल्याकडे हे काम होतं, फक्त आपण सांगावं लागतं.

चार-सिलिंडर इंजिनाचा स्वतःचा एक दोष आहे, तो तीन किंवा सहा सिलिंडरवाल्याला असा नसतो. दोन पिस्टन वर, दोन खाली, असं बघून वाटतं सगळं संतुलित आहे. पण कनरॉडच्या कोनामुळे वरच्या अर्ध्या प्रवासात पिस्टन खालच्या अर्ध्यापेक्षा जोरात पळतो आणि चारही पिस्टनांचा हा फरक एकाच दिशेला जमा होतो. क्रँकच्या दुप्पट वेगाने ब्लॉक वरखाली हादरतो. वरचेच आकडे घेतले तर ६५०० ला हा जोर ९.९ किलोन्यूटन, सेकंदाला २१७ वेळा. ७५०० ला १३.२ किलोन्यूटन, सेकंदाला २५० वेळा. हे इंजिन बॅलन्स शाफ्टशिवायचं आहे, त्यामुळे हा सगळा हादरा फाउंडेशन रबरांना (इंजिन ज्यांवर बसतं ती रबरं) आणि ब्लॉकवर टांगलेल्या प्रत्येक वस्तूला बसतो. अल्टरनेटरचं ब्रॅकेट तडकतं, एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे स्टड ढिले होतात, सेन्सरच्या जोडण्या सुटतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ऑइल स्ट्रेनरची नळी वेल्डजवळ तडकून हवा ओढायला लागते. म्हणून स्ट्रेनरला एक जादा आधार देऊन ठेवा. पिस्टन हलका केला की हा हादरा आणि रॉडचा ओढा दोन्ही त्याच प्रमाणात कमी होतात. आरपीएमसाठी खर्च करायचाच असेल तर हलका पिस्टन आणि पिन हा सगळ्यात शहाणा खर्च आहे. चार पिस्टन आणि रॉडची दोन्ही टोकं वेगवेगळी वजन करून एकमेकांत १ ग्रॅमच्या आत आणा.

क्रँक स्वतःही पिळतो. प्रत्येक धक्क्याने तो पिळ देतो आणि सोडतो, त्याची स्वतःची लय असते. समजा ती ४०० हर्ट्झ आहे. ६००० आरपीएम म्हणजे सेकंदाला १०० फेरे, चार पट लय बरोबर ४०० वर बसते. हे मारायला पुढच्या पुलीमध्ये रबराने चिकटवलेली जड रिंग असते, तिला डॅम्पर म्हणतात. हलकी ॲल्युमिनियमची एकसंध पुली लावून लोक ती काढून टाकतात, कारण इंजिन चटकन उठतं असं वाटतं. ज्या क्रँकला कंपनीने डॅम्पर दिला आहे तिथे हे करू नका. ऑइल पंप थेट क्रँकच्या नाकावर बसवलेला असेल तर हाच पिळ पंपाच्या दाबून-भाजून बनवलेल्या गिअरला बसतो आणि तो तडकतो. लिमिटरवर धरून इंजिन तडतडत ठेवणं याच कारणाने वाईट. जुन्या डॅम्परचं रबर फुगलंय का, भेगाळलंय का, रिंग सरकलीय का, ते बघा. रिंग आणि हबवर एक सरळ रेघ मारून ठेवली की सरकलेलं लगेच दिसतं.

पिस्टन रिंगांबद्दल थोडक्यात: रिंग जेवढी जाड आणि जड, तेवढी ती वरच्या आरपीएमला खाचेत उडते आणि वायू खाली गळतो. ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) ऑइल यायला लागलं तर हे एक कारण असू शकतं. फोर्ज्ड (दाबून घडवलेले) पिस्टन घालणार असाल तर बोर कंपनीच्या क्लिअरन्सवर करू नका. ७४ मिमीला फोर्ज्डला धातूप्रमाणे ०.०७ ते ०.०९ मिमी लागतं, पिस्टनवाल्याचा कागद वाचा. वरच्या रिंगचा गॅप साधारण ०.३० मिमी.

फ्लायव्हील आणि क्लच. बिडाचा फ्लायव्हील लेथवर छाटून हलका करू नका. तो फुटला तर तुकडे बेलहाउसिंग फोडून ड्रायव्हरच्या पायाकडे येतात. हलका हवा असेल तर एकसंध स्टीलचा घ्या.

इलेक्ट्रिकल बाजू: ७५०० ला एका सिलिंडरचं पूर्ण चक्र १६ मिलिसेकंदांचं. एकच कॉइल आणि डिस्ट्रिब्युटर असेल तर दोन ठिणग्यांत फक्त ४ मिलिसेकंद मिळतात. जुनी कॉइल भरायलाच ३ घेते, आणि मग वरच्या टोकाला ठिणगी कमजोर पडते. दोन कॉइलच्या रचनेत ८ मिळतात, तिथे हा प्रश्न नाही. इंजेक्टर चक्राच्या ८५ टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवायला लागत असेल तर तो लहान पडतोय. इथे आपल्याकडचा एक मुद्दा जोडतो. २०२५ पासून पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. शुद्ध पेट्रोलला हवा-इंधन प्रमाण १४.७ लागतं, या मिश्रणाला साधारण १३.५. पूर्ण थ्रॉटलला जुना ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचं ऐकत नाही, ठरलेल्या कोष्टकाने इंधन टाकतो. म्हणजे एस्टीमसारखी गाडी नेमकी वरच्या आरपीएमला ८ टक्क्यांच्या आसपास पातळ मिश्रणावर चालते, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि पिस्टनचं डोकं तापतं. रीमॅप करायचाच तर लिमिटरआधी वाइडबँड सेन्सर (हवा-इंधनाचं नेमकं प्रमाण मोजणारा) लावून हे दुरुस्त करून घ्या.

आता मुळात ७५०० ची गरज आहे का? या इंजिनाची ताकद ८५ बीएचपी, ६००० ला. टॉर्क ११० न्यूटन-मीटर, ४५०० ला. त्यापुढे कंपनीचा कॅम आणि पोर्ट हवाच पुरेशी आत घेत नाहीत. समजा दुसरा गिअर १.९ आणि तिसरा १.२८. ६६०० ला बदललात तर तिसऱ्यात ४,४५० ला उतरता, म्हणजे बरोबर टॉर्कच्या शिखरावर. ७५०० ला बदललात तर ५,०५० ला उतरता, पण त्याआधीचे नऊशे आरपीएम पडत्या ताकदीत घालवलेले असतात. कॅम आणि हेड न बदलता लिमिटर वाढवणं म्हणजे इंजिन झिजवून लॅपची वेळ वाढवणं. माझं स्पष्ट मत: आतून कंपनीचं इंजिन असेल तर लिमिटर आहे तिथेच ठेवा आणि ते पैसे बॅफल, गेज, नव्या स्प्रिंगा आणि टायरवर घाला. स्प्रिंगा, रॉड बोल्ट, बॅफल, चांगला डॅम्पर आणि त्याला साजेसा कॅम झाला की ७००० ते ७२०० प्रामाणिक आकडा आहे. ७५०० आणि वर जायचं तर हलके फोर्ज्ड पिस्टन आणि चांगले रॉड घालूनच. आणि लिमिटर सगळ्यात कमजोर भागाच्या हद्दीच्या निदान ३०० आरपीएम खाली ठेवा.

एका गोष्टीपासून कुठलाच लिमिटर वाचवत नाही: चुकीचा गिअर. तिसऱ्यात ६५०० ला आहात, चौथा टाकायचा होता आणि हात दुसऱ्यात गेला. चाकं इंजिनाला फिरवतात, ६५०० × १.९ ÷ १.२८, म्हणजे ९,६५०. ईसीयूने इंधन कापलं तरी काही फरक पडत नाही. रॉडवरचा ओढा २.२ पट, तेवीसशे किलोच्या पुढे. चटकन क्लच दाबला तर इंजिन सुटतं, पण क्लच प्लेट गिअरबॉक्सबरोबर त्याच वेगाने फिरत राहते आणि तिचं अस्तर फाटू शकतं. म्हणून गिअरची फाउंडेशनं आणि लिंकेजच्या बुशा घट्ट ठेवा. ढिल्या लिंकेजवर ही चूक जास्त होते.

असं झालंच तर इंजिन चालतंय म्हणून पुढच्या लॅपला जाऊ नका. थंड झाल्यावर सोळाही टॅपेट क्लिअरन्स फीलर गेजने मोजा आणि आधीच्या नोंदीशी ताडून बघा. एखादं क्लिअरन्स वाढलं असेल तर व्हॉल्व्ह वाकून सीटवर पूर्ण बसत नाहीये, कमी झालं असेल तर सीट आत ठोकली गेली आहे. मग लीकडाउन: एकेक सिलिंडर कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून ७ बार हवा द्या. १० टक्क्यांच्या आत गळती चांगली, २० च्या वर असेल तर हेड काढा. हवा कुठून फुसफुसतेय ते कानाने ऐका: थ्रॉटलमधून तर इन्टेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून तर एक्झॉस्ट, ऑइलच्या झाकणातून तर रिंगा. शेवटी ऑइल फिल्टर कापा, आतला कागद उलगडून उन्हात धरा. तांब्याच्या रंगाचे कण जुन्या पद्धतीच्या बेअरिंगचे. ॲल्युमिनियमची बेअरिंगं असतील तर कण चंदेरी दिसतात आणि लोहचुंबकाला चिकटत नाहीत. कण दिसले तर चेंबर काढून बिग एंडच्या शेल बघा, आणि रॉडचे आठही बोल्ट न मोजता फेकून द्या.